आभाळाला टेप लावायची कशी?

सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे असं गावात सांगितलं की लोक मान डोलावतात. सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे म्हटलं तरी कुणी भांडत नाही. पण विश्व प्रसरण पावतंय, असं म्हणायचा अवकाश, पारावरून कुणीतरी विचारतंच, "तेथं टेप घेऊन कोन गेलतं बाप्पा?"

प्रश्न टिंगलीचा वाटतो, पण खगोलशास्त्रात याहून चांगला प्रश्न मला तरी सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकं आकडे देतात आणि पुढे जातात. आकडा आला कुठून, हे कुणी सांगत नाही, मग तो पाठ करायचा किंवा सोडून द्यायचा एवढंच हातात उरतं. म्हणून या लेखात पृथ्वीपासून दूरच्या दीर्घिकांपर्यंत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वस्त्यांपर्यंत जाऊ, पण मोजणीच्या वाटेनं.

सुरुवात पृथ्वीपासून, आणि ती विदर्भातच करता येते. अख्खा विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. चंद्रपूरला हा शून्य सावलीचा दिवस २० मेच्या आसपास येतो, नागपूरला २६ मेच्या आसपास. (दुसरी पाळी जुलैत येते, पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब.) चंद्रपुरात सावली शून्य असेल त्याच दुपारी नागपुरात मीटरभर काठी उभी केली, तर तिची सावली दोन सेंटिमीटरच्या किंचित वर भरते. म्हणजे तिथे सूर्याचे किरण उभ्या काठीशी १.२ अंशांचा कोन करतात. चंद्रपूर ते नागपूर हे दक्षिणोत्तर सरळ अंतर सुमारे १३३ किलोमीटर आहे. सूर्य इतका दूर आहे की दोन्हीकडचे किरण समांतर धरायला हरकत नाही. आता त्रैराशिक मांडा. १.२ अंशांना १३३ किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती? उत्तर ३९,९००. पृथ्वीचा खरा घेर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनीसनं इजिप्तमध्ये हेच केलं होतं. एखाद्या शाळेला करून पाहायचं असेल तर दोन सूचना. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक पुसट दिसतं. तीन-चार मीटरचा पाइप घ्या आणि ओळंबा लावून सरळ उभा करा. दुसरं म्हणजे घड्याळातले बारा पकडू नका. आपल्याकडे मेमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी. डोक्याला दुपट्टा बांधायचं मी सांगायची गरज नाही.

चंद्राचं अंतर आज सगळ्यात चोख माहीत आहे. १९६९ मध्ये तिथे उतरलेल्या अंतराळवीरांनी खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून त्यावर लेसरचा झोत सोडला की तो अडीच सेकंदांच्या जरा वर परत येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, त्यावरून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे हे निघतं. तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतोय, हेही याच आरशांमुळे कळलं.

सूर्यावर आरसा ठेवता येत नाही. तिथे केप्लरचा नियम कामी आला. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला किती काळ लागतो, त्यावरून त्याचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट हे केप्लरनं १६१९ मध्ये दाखवून दिलं. शुक्र ०.७२ पट, गुरू ५.२ पट, असं सगळं प्रमाण ठाऊक झालं होतं, पण किलोमीटर एकाही ग्रहाचे ठाऊक नव्हते. एक अंतर मिळालं की बाकीची आपोआप मिळणार होती. १७६१ आणि १७६९ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकला तेव्हा युरोपातल्या निरीक्षकांनी जगभर पसरून ते मिळवायचा प्रयत्न केला. १९६१ मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी आपटून परत घेतल्या आणि हिशेब पक्का झाला. सूर्य साधारण १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे. त्याच्या प्रकाशाला इथवर यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात.

सूर्यमालेचं बाकीचं वर्णन पुस्तकांत भरपूर आहे, ते मी थोडक्यात उरकतो. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानातला ९९.८ टक्के वाटा एकट्या सूर्याचा आहे. आठ ग्रह, त्यांचे चंद्र, लघुग्रह, धूमकेतू या सगळ्यांनी मिळून उरलेलं ०.२ टक्का. शेवटचा ग्रह नेपच्यून सूर्यापासून आपल्या तीसपट दूर आहे, तिथे प्रकाशाला चार तासांवर लागतात. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ यान त्याच्याही कितीतरी पुढे गेलंय. माणसानं बनवलेली इतकी दूर गेलेली दुसरी वस्तू नाही, तरी प्रकाशाच्या हिशेबात ते जेमतेम एका दिवसाच्या अंतरावर आहे.

एक गोष्ट मात्र उरकता येत नाही. सूर्य एवढा ओढतोय तर पृथ्वी त्यात पडत का नाही? ती पडतेच आहे. पण पडता पडता सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं बाजूलाही जातेय, त्यामुळे तिची वाट सूर्याकडे वळत राहते आणि सूर्य कधी हाती लागत नाही. कक्षा म्हणजे एवढंच. बाजूचा वेग कमी झाला तर काय होतं, ते चंद्रपूर जिल्ह्यानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भभर लोकांना आभाळातून तेजाळ रेघा सरकताना दिसल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवला तेव्हा तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा टाकून दिलेला टप्पा निघाला. पृथ्वीपासून काही शे किलोमीटरवरही विरळ हवा असते. ती फिरणाऱ्या वस्तूचा वेग थोडा थोडा खाते, वस्तू खाली येते, दाट हवेत शिरते आणि पेटते. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वाटेवर अशी अडवणारी हवा नाही, म्हणून हे फिरणं साडेचारशे कोटी वर्षं टिकलं.

आभाळातून पडलेल्याची आपल्याकडची थोरली खूण बुलडाणा जिल्ह्यात आहेच. लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आघातानं झालं हे सिद्ध झालं ते तिथल्या काचेवरून. ज्वालामुखीत सापडणार नाही इतक्या दाबाखाली खडकातल्या खनिजाची काच झालेली तिथे मिळाली. विवराचं वय मात्र एका पद्धतीनं ५० हजार वर्षांच्या घरात येतं, दुसरीनं ५ लाख ७० हजार. लोणारच्या पाटीवर कुठला आकडा लिहावा यावर मी मत देणार नाही, पण मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलू शकतं, हे लक्षात असू द्या. पुढे तोच घोळ अख्ख्या विश्वाच्या बाबतीत येणार आहे.

ताऱ्यांकडे वळू

हात लांब करून अंगठा धरा आणि आधी एक डोळा, मग दुसरा मिटा. मागच्या भिंतीसमोर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि उडीचा कोन माहीत असला की अंगठा किती दूर आहे ते भूमितीनं निघतं. ताऱ्यांसाठी दोन डोळे अपुरे पडतात, म्हणून पृथ्वीची कक्षा वापरायची. जानेवारीत एक फोटो, जुलैत दुसरा. मधल्या काळात आपण तीस कोटी किलोमीटर सरकलेलो असतो, आणि जवळचा तारा मागच्या ताऱ्यांसमोर किंचित हललेला दिसतो. किती किंचित? एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या अर्ध्याहून थोडा जास्त. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा एवढासा कोन मोजला आणि पहिल्यांदा ताऱ्याचं अंतर माणसाच्या हाती आलं. युरोपच्या गाया यानानं अलीकडे याच पद्धतीनं शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची अंतरं काढली.

इथून पुढे किलोमीटरचे आकडे वाचताही येत नाहीत, म्हणून प्रकाशवर्ष वापरतात. प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर, ९.४६ लाख कोटी किलोमीटर. यातून आपोआप एक गोष्ट येते. जे जितकं दूर, ते तितकं जुनं दिसतं. हिवाळ्यात रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला ओलीत करायला वावरात जावं लागतं, तेव्हा मृग आणि त्यामागचा व्याध डोक्यावर असतात. व्याधाचा डोळ्यात शिरणारा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला आहे. कृत्तिकांचा सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, म्हणजे वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत होतं तेव्हाचा.

आपण ज्या दीर्घिकेत राहतो त्या आकाशगंगेत असे किमान दहा हजार कोटी तारे आहेत. तिची रुंदी लाखभर प्रकाशवर्षं. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि एका फेरीला त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. इतक्या अंतरांवर बेसेलची पद्धत थकते, कारण कोन मोजण्यापलीकडे बारीक होतो.

पुढची वाट हार्वर्डच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर काचेच्या फोटोप्लेटा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी दाखवली. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. लेविट यांच्या लक्षात आलं की ज्याचा फेरा लांब तो तारा मुळात जास्त तेजस्वी. १९१२ मध्ये हा नियम छापून आला. म्हणजे तारा किती दिवसांनी उजळतो ते पाहिलं की त्याचं खरं तेज कळतं, इथून तो किती मंद दिसतो तेही दिसतंच, आणि दोन्हींच्या फरकातून अंतर निघतं. १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीतल्या एका धूसर ढगात असा तारा सापडला. हिशेब केला तर तो ढग आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर निघाला. आज ते अंतर २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. तोवर आकाशगंगा म्हणजेच विश्व असं मानणारे मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांचा विषय तिथे संपला. ही देवयानी दीर्घिका दिवाळीच्या सुमारास नुसत्या डोळ्यांनी दिसते, फक्त अंधार खरा हवा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. मेळघाटातल्या एखाद्या गावीही काम भागेल.

सगळंच दूर का जातंय?

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फाकवला की पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली असते. हायड्रोजनची तांबडी रेघ ६५६ नॅनोमीटरवर, मग हायड्रोजन नागपूरच्या प्रयोगशाळेतला असो की दूरच्या ताऱ्यातला. अमेरिकेत व्हेस्टो स्लायफरनं १९१२ पासून दीर्घिकांचे असे पट्टे घ्यायला सुरुवात केली आणि बहुतेकांच्या रेघा आपली जागा सोडून तांबड्या बाजूला सरकलेल्या निघाल्या. ६५६ ची रेघ समजा ७२२ वर सापडली, तर तो प्रकाश वाटेत १० टक्के ताणला गेलाय. ताण जितका जास्त, तितका दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग जास्त.

हबलनं अंतरं काढली, पण मंद दीर्घिकांचे पट्टे घ्यायचं किचकट काम मिल्टन ह्यूमसन या त्याच्या सहकाऱ्यानं केलं. हा गडी आठवीनंतर शाळेत गेला नव्हता. माउंट विल्सनच्या डोंगरावर खेचरांवरून सामान वाहायचा, पुढे तिथेच झाडलोटीच्या कामाला लागला, मग दुर्बिणीवर रात्री काढू लागला आणि शेवटी जगातल्या उत्तम निरीक्षकांत गणला गेला. बिचाऱ्याचं नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. १९२९ मध्ये हबलचा निष्कर्ष आला. दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगानं दूर जाते. बेल्जियमचे पाद्री-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्येच आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून हे मांडलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

सगळं आपल्यापासूनच दूर जातंय म्हणजे आपण मध्यभागी आहोत का? नाही, आणि हे समजायला पराटीचं, म्हणजे कपाशीचं वावर पुरतं. तीन बाय तीन फुटांवर चौफुलीनं लावलेली पराटी डोळ्यांसमोर आणा. समजा तासाभरात जमीनच सगळीकडे सारखी ताणली जाऊन दुप्पट झाली. तुम्ही एका झाडापाशी उभे आहात. शेजारचं झाड तीनवरून सहा फुटांवर गेलं, म्हणजे तासात तीन फूट सरकलं. त्यापुढचं सहावरून बारावर, म्हणजे सहा फूट. दहावं तीसवरून साठवर, तीस फूट. जितकं दूर तितकं वेगानं, हबलनं पाहिलं तेच. आता दुसऱ्या कुठल्याही झाडापाशी जाऊन उभे राहा, तिथूनही हेच दिसेल. एकही झाड चाललं नाही, मधली जागा वाढली. फरक इतकाच की वावराला धुरा, म्हणजे कडेचा बांध असतो. विश्वाला असा धुरा असल्याचं आजवर कुठे आढळलेलं नाही, आणि मध्य शोधायला तर जागाच नाही.

मग आपलं घर, आपण, वर्धा नदी, हेही ताणलं जातंय का? नाही. जिथे गुरुत्वाकर्षणानं किंवा अणूंच्या बंधांनी गोष्टी एकमेकींना धरून ठेवलंय तिथे प्रसरणाचं काही चालत नाही. सूर्यमाला पसरत नाही, आकाशगंगाही नाही. देवयानी दीर्घिका तर उलट सेकंदाला ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येतेय.

प्रसरणाचा दर साधारण असा आहे. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७० किलोमीटर. यावरून विश्वाचं वय कागदावर काढता येतं. प्रकाशाचा वेग ७० किलोमीटरच्या ४,२८६ पट आहे. प्रकाशाला ३२.६ लाख वर्षं लागणारं अंतर या वेगानं पडायला ३२.६ लाख गुणिले ४,२८६, म्हणजे १,३९७ कोटी वर्षं लागली असतील. प्रसरणाचा वेग कायम एकसारखा नव्हता, आधी मंदावला, मग वाढला. ते सगळं धरून आजचा मान्य आकडा १,३८० कोटी वर्षं. पाचवीचा गुणाकार आणि महागड्या यानांचं उत्तर इतकं जवळ यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मागे मागे जात राहिलं तर सगळं दाट आणि तापलेलं असणार. महास्फोट म्हणतात तो हाच काळ. काळोख्या पोकळीत एका जागी फटाका फुटला आणि तुकडे उडाले, हे टीव्हीवर दिसणारं चित्र चुकीचं आहे. स्फोट सगळीकडे होता, तुम्ही बसला आहात तिथेही. त्याचा पुरावाही म्हणूनच सगळ्या दिशांनी येतो. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व तीनेक हजार अंशांपर्यंत निवलं, पारदर्शक झालं आणि प्रकाश मोकळा सुटला. तो प्रकाश तेव्हापासून अकराशे पट ताणला गेलाय. १९६४-६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांच्या अँटेनात तो रेडिओ खरखर म्हणून आला. आधी त्यांना वाटलं, अँटेनात बसणाऱ्या पारव्यांच्या शिटेमुळे होतंय. ती खरवडून काढली तरी खरखर गेली नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या प्रकाशाचं आजचं तापमान उणे २७० अंश सेल्सियस आहे.

आपले जयंत नारळीकर मात्र या सिद्धांताविरुद्ध शेवटपर्यंत किल्ला लढवत राहिले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी पर्यायी मांडणी केली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही, कारण या खरखरीचं साधंसरळ उत्तर महास्फोटच देतो. पण विरोधात कुणी एवढ्या ताकदीनं उभं राहिल्याशिवाय सिद्धांताची कसोटी लागत नाही.

आता न सुटलेलं. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दाखवलं की दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा फार वेगानं फिरतात. त्यांना धरून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरत नाही, म्हणून न दिसणारं कृष्णद्रव्य मानावं लागतं. १९९८ मध्ये आणखी धक्का बसला. दूरच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. त्यामागे जे काही आहे त्याला कृष्णऊर्जा म्हणतात. आजच्या हिशेबात विश्वाचा ६८ टक्के भाग कृष्णऊर्जा, २७ टक्के कृष्णद्रव्य आणि जेमतेम ५ टक्के अणू-रेणू, ज्यात सगळे तारे, ग्रह आणि आपण आलो. २७ आणि ६८ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच ठाऊक नाही.

लोणारसारखा घोळ आहे तो ७० या आकड्यात. जवळच्या ताऱ्यांपासून पायरी पायरीनं मोजत गेलं की उत्तर ७३ च्या आसपास येतं. त्या जुन्या खरखरीवरून काढलं की ६७. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक केलेल्या आहेत, पण मोजताना होऊ शकणाऱ्या चुकीला जागा ठेवूनही त्या जुळत नाहीत. कुठल्यातरी पायरीत खोट आहे की आपल्या भौतिकशास्त्रात, यावर सध्या जोरात वाद चालू आहे.

तिसरी, अगदी स्वतंत्र मोजणी हवी, आणि ती सापडली आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्यांच्या उरलेल्या अतिदाट गाभ्यांच्या) टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेल्या लाटा, नोंदल्या गेल्या. लहरीच्या आकारातच टक्कर किती दूर झाली ते लिहिलेलं असतं, त्यामुळे आधीच्या एकाही पायरीची गरज पडत नाही. टक्कर ज्या दीर्घिकेत झाली तिचा वेग दुर्बिणींनी सांगितला. उत्तर आलं ७० च्या जवळपास, पण एकाच घटनेवरून काढल्यामुळे ते इतकं ढोबळ होतं की ६७ आणि ७३ दोन्ही त्यात बसतात. अशा बऱ्याच टकरी हाती लागल्या तरच निकाल लागेल. त्यासाठी चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं यंत्र भारतातही उभं राहतंय. २०२३ मध्ये केंद्रानं त्याला मंजुरी दिली आणि जागा आहे वाशीमची हद्द ओलांडली की लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला.